उपदेशकाची भाकर : रेव्हरंड टिळकांच्या निमित्ताने

गेली काही वर्षे आम्ही पदवीच्या वर्गाला 'स्मृतिचित्रे' शिकवीत आलो आहोत. आमचे महाविद्यालय परतवाड्यातले. वर्गात अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगावकडून एसटीने येणारी मुले असतात, तशी मेळघाट उतरून येणारीही असतात. लक्ष्मीबाईंची भाषा त्यांना जड जात नाही. नवऱ्याच्या लहरीपणाचे प्रसंग ती मनापासून हसत ऐकतात, आणि टिळकांच्या धर्मांतराचा भाग आला की वर्ग काहीसा गप्प होतो. एका वर्षी त्या शांततेतच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ''सर, टिळक मिशनच्या नोकरीतच होते ना? मग त्यांनी केला तो उपदेश म्हणायचा की ड्यूटी?''

आमच्यापैकी ज्याचा तो तास होता त्याने काहीतरी उत्तर दिले, घंटा झाली, मुले पांगली. पण स्टाफरूममध्ये परतल्यावर तो प्रश्न आमच्या दोघांच्याही मागे लागला. विचारणारा मुलगा धर्मांतराविषयी आकस बाळगणारा नव्हता. त्याच्या घरी संध्याकाळी धार्मिक वाहिन्या चालू असतात. एका वाहिनीवर महाराज, दुसरीवर बाबा, तिसरीवर हात उंचावून प्रार्थना करणारे पास्टर, आणि सर्वांच्या खाली पडद्यावर बँकेच्या खात्याचा क्रमांक. उपदेशक म्हटला की खालची पट्टी आलीच, असा त्याचा अनुभव होता. त्या अनुभवातून त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाकडे पाहिले. आम्हांला वाटते, नारायण वामन टिळकांच्या चरित्राकडे पाहण्याची ही वाट आमच्या टीकाकारांनी फारशी चोखाळलेली नाही. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते पाठ्यपुस्तकांत राहिले, 'लक्ष्मीबाईंचे पती' म्हणून रसिकांच्या लक्षात राहिले, आणि 'उपदेशक टिळक' मात्र ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनामंदिरांपुरते उरले. प्रस्तुत लेखात आम्ही या तिसऱ्या टिळकांविषयी बोलणार आहोत.

०००

टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई कवितेची आवड असलेली, वडील वामनराव सरकारी नोकरीतले आणि कडक स्वभावाचे. आई गेल्यावर मुलगा घरात फारसा रमला नाही. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, आणि पुढे आयुष्यभर एका जागी न टिकण्याची जी खोड त्याला जडली ती तिथूनच दिसू लागते. १८८०मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांच्या घरात आली. तिचे वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. हीच पुढची लक्ष्मीबाई.

त्यांच्या चरित्रातले निर्णायक वळण मात्र आमच्या विदर्भात घडले, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते सरसावून बसतात. १८९०नंतर टिळक नागपूरला आले. तेथील सधन गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत. 'ऋषी' नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. पुढे राजनांदगावला जाण्याच्या निमित्ताने, १८९३च्या सुमारास, रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने बायबलची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्याचे हसू आले असावे. परंतु वाचीत वाचीत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोहोचले आणि तेथून त्यांचे मन हलेना.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. टिळक रिकाम्या मनाने बायबलकडे आलेले नव्हते. जातिभेद नको, सर्वांचा एकच ईश्वर, देशाच्या उन्नतीचा पाया धर्माच्या शुद्धीत आहे, असे विचार त्यांच्या मनात आधीच घोळत होते. तुकोबांचे अभंग तर त्यांच्या अंगवळणी पडले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून. पत्नीला व मुलाला त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरातही, राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या आणि १९००मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्या वर्षांतील त्यांचे हाल 'स्मृतिचित्रां'त वाचताना टिळकांविषयी राग येतो, आणि तो आवरण्याचे कारण नाही. ज्याला साऱ्या जगाला प्रेम शिकवायचे होते त्याने घरच्या माणसाला पत्राने धक्का द्यावा, हा त्यांच्या चरित्रावरचा डाग आहे. लक्ष्मीबाईंनी तो पुसला नाही आणि वाढवूनही सांगितला नाही.

०००

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या परिवारात दाखल झाले. हे मिशन १८१३पासून मुंबईत आणि १८३१पासून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) काम करीत होते. 'ज्ञानोदय' हे त्याचे पत्र १८४२चे, म्हणजे मराठी नियतकालिकांच्या अगदी पहिल्या पिढीतले. टिळकांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकविले, 'बालबोधमेवा'त मुलांसाठी लिहिले, प्लेग व दुष्काळाच्या दिवसांत माणसांची सेवा केली. १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा भेटला. तो पुढे टिळकांच्या घरी राहिला आणि बालकवी म्हणून मराठीला मिळाला. वाङ्मयेतिहासात एवढे सांगून पुढे जातात. आम्ही मात्र इथे थांबणार आहोत, कारण टिळकांचे वेगळेपण त्यांच्या पदांत नाही, पद्धतीत आहे.

त्या काळच्या मराठी प्रार्थनामंदिरात काय चाले? पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत. चालीही तिकडच्या. मराठी शब्द त्या चालींत बसविताना ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व होई. आपल्या भाषेत देवाशी बोलताना माणूस अडखळत होता. टिळकांनी आधी हे अडखळणे दूर केले. ओवी, अभंग, पद, भजन, आरती ही सारी सामग्री त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेला लावली. ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. 'अभंगांजली' वाचणाऱ्यास विठोबाच्या जागी येशू बसविला एवढेच दिसणार नाही. भक्ताची आर्तता, सलगी, रुसवा हा सगळा सराव वारकरी कवितेचा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिल्या जाणाऱ्या 'उपासना संगीता'त टिळकांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट कीर्तनाची. ख्रिस्ती कीर्तन ही टिळकांची निर्मिती नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या साठीतच अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ती वाट पाडली होती. आणि त्याही आधी, १६१६मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' रचून पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना त्यांच्याच ओवीत ख्रिस्तकथा ऐकविली होती. टिळकांनी ही वाट रुंद केली. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पद, मध्ये विनोद, शेवटी आरती. मंचावरून वाचून दाखविलेल्या प्रवचनापेक्षा हे श्रोत्याच्या जवळचे होते. कीर्तनकाराला श्रोता उठून जाऊ शकतो याचे भान ठेवावे लागते, चर्चमधल्या उपदेशकाला ते ठेवावे लागतेच असे नाही.

आता मागच्या बाकावरचा तो प्रश्न येतो. कीर्तन ही नुसती सादरीकरणाची रीत नाही, तिच्याबरोबर एक अर्थव्यवहारही येतो. नारदीय परंपरेतील हरदासाला बिदागी चालते. ती त्याची वृत्तीच आहे. वारकरी परंपरेचा दंडक मात्र निराळा. जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, मोबदला घेऊ नये, असे तुकोबांच्या नावाने सांगितले जाते. आज कीर्तनकाराची 'सुपारी' किती, हे जाहीरपणे बोलले जाते, तेव्हा दंडक किती पाळला जातो हे वेगळे सांगावयास नको. पण दंडक आहे, आणि मोडणाऱ्यालाही तो माहीत असतो. टिळकांनी रूप घेतले ते बरेचसे नारदीय कीर्तनाचे. प्राण घेतला तो मात्र तुकोबांचा. आमचे असे मत आहे की ज्या दिवशी त्यांनी तुकोबांचा अभंग ख्रिस्ताच्या दारी नेला त्याच दिवशी तुकोबांचा दंडकही त्यांच्यामागून त्या दारी गेला. तो दाराशी उभा राहिला, आणि बावीस वर्षांनी आत आला.

०००

१९१७मध्ये टिळकांनी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध सोडला. वय पंचावन्नच्या पुढे गेलेले, प्रकृती साथ देईनाशी झालेली, घरात शिल्लक नाही. त्यांच्या हाती पैसा कधी टिकलाच नव्हता. समोर कोणी गरजू आला की घरातले त्याला, आणि घरच्यांनी पाहून घ्यावे, हा त्यांचा खाक्या होता. अशा माणसाने ठरलेले उत्पन्न सोडणे म्हणजे लक्ष्मीबाईंच्या कसोटीत आणखी एक भर. सातारा येथे राहून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ होता. बाप्तिस्मा घेतलेलेही त्यात यावेत आणि न घेतलेलेही यावेत. परदेशी पैसा, परदेशी पद्धत, परदेशी अधिकार यांवाचून ख्रिस्त हिंदुस्थानाला भेटावा, अशी त्यांची इच्छा होती. मिशनविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. 'ज्ञानोदया'तील काम त्यांनी चालूच ठेवले. भांडण करून बाहेर पडणे सोपे असते; ज्यांच्याविषयी आदर आहे त्यांच्या छपरातून बाहेर पडणे अवघड. टिळकांनी हे अवघड केले.

बाप्तिस्म्याची अट सैल करणे ही त्या काळी केवढी धाडसाची गोष्ट होती, हे आज सहज कळत नाही. मिशनच्या अहवालांत यशाचे मोजमाप बाप्तिस्म्यांच्या संख्येने होई. टिळकांच्या दरबारात ही मोजणीच निरर्थक ठरत होती. संख्येवर ज्याचे पोट अवलंबून आहे त्याला असा विचार परवडत नाही. तो परवडावा म्हणून आधी पोटाचा प्रश्न सोडवावा लागतो, किंवा सोडून द्यावा लागतो. टिळकांनी तो सोडून दिला.

दरबार फार काळ भरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे तो विरून गेला. त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. आश्रमजीवनाचा तो प्रयोग टिळकांच्या वाटेने जाणारा होता. 'ख्रिस्तायन' हे अपुरे राहिलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यांच्यानंतर देवदत्त टिळकांनी पूर्ण केले. संस्था गेली, कविता राहिली.

०००

तुलनेसाठी एक अगदी दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जीन स्कॉट (१९२९–२००५) नावाचे एक दूरचित्रवाणी-उपदेशक होऊन गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ते डॉक्टरेट. १९७५मध्ये ग्लेंडेल येथील चर्चची सूत्रे हाती आल्यावर ते रात्रीच्या रात्री पडद्यावर बसू लागले. मूळ ग्रीक शब्द फळ्यावर लिहून बायबल समजावीत, पिरॅमिडांवर बोलत, सिगार ओढीत, नाना तऱ्हेच्या टोप्या घालीत. देणग्या आल्या नाहीत तर बोलणे थांबवून कॅमेऱ्याकडे टक लावून बसत. दूरध्वनी वाजू लागेपर्यंत पुढचे वाक्य नाही. देणग्यांच्या हिशेबावरून सरकारी प्रसारण आयोगाशी त्यांचे भांडण जुंपले. आयोगाची टर उडविण्यासाठी त्यांनी पडद्यावर किल्लीची खेळण्यातली माकडे आणून बसविली. अखेर १९८३मध्ये त्यांच्या चर्चच्या हातून प्रक्षेपणाचा परवाना गेला, तरी उपग्रहावरून त्यांचे बोलणे मरेपर्यंत चालू राहिले. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोग यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला आहे. स्कॉटना आम्ही भोंदू म्हणणार नाही. त्यांचा अभ्यास खरा होता आणि ढोंगी सोज्वळपणाचा त्यांना तिटकारा होता. कोणत्याही धर्मपीठाचे ते मिंधे नव्हते. परंतु पीठापासून मुक्त झालेला हा माणूस प्रेक्षकाच्या खिशाला मात्र रोज रात्री बांधलेला होता.

आता घराजवळ येऊ. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे आमच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. १९०५मध्ये, टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, त्यांनी घर सोडले आणि ते गाडगेबाबा झाले. कीर्तन त्यांचेही. पण आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे, पायाला हात लावू द्यायचा नाही, आणि खापरात मिळेल ती भाकर खायची. लाखांच्या देणग्या त्यांच्या शब्दावर आल्या. त्यांतून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या नावावर आणि नातलगांच्या हाती काही नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आमच्या मुलांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. टिळक समजावण्यासाठी आम्ही आता गाडगेबाबांपासून सुरुवात करतो.

तीन माणसे, तिघेही चाकोरीबाहेरचे. विक्षिप्त वेश, रांगडी भाषा, नवे माध्यम ही चाकोरीबाहेरची लक्षणे तिघांतही कमीअधिक सापडतील. खरा फरक भाकरीच्या वाटेवर आहे. स्कॉट ती श्रोत्यांकडून वसूल करीत. गाडगेबाबांनी ती भिक्षेइतकी लहान केली. टिळक बराच काळ ती संस्थेकडून घेत राहिले आणि एके दिवशी ती त्यांच्या घशाखाली उतरेना. या तिघांत टिळकच आम्हां पगारी माणसांना जवळचे वाटतात. गाडगेबाबा होणे आपल्याच्याने नाही हे आम्ही केव्हाच मान्य केले आहे.

०००

टिळकांच्या पद्धतीवरचा एक आक्षेप इथे नोंदविला पाहिजे. नगर भागातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार-मांग वस्त्यांतून आलेला होता. ब्राह्मण घरातून आलेल्या कवीने 'देशी' म्हणून जे रूप आणले ते कोणाचे देशी? ज्या देवळाच्या पायरीवर या माणसांना उभे राहू दिले जात नव्हते तिथल्याच कीर्तनाचा थाट त्यांच्या प्रार्थनामंदिरात आणण्यात काय अर्थ होता? हा आक्षेप आम्हांला बिनतोड वाटत नाही, पण सहज झटकता येण्याजोगाही वाटत नाही. चोखोबांचा अभंग त्याच वस्त्यांतला होता, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे त्या मंडळ्यांनीच दिले आहे: चार पिढ्या त्यांनी ही गीते गायिली, आपल्या चालींत मुरविली, आपली केली. तरीही परदेशी विरुद्ध देशी एवढीच रेघ टिळकांनी ओढली. देशीच्या पोटातल्या उतरंडीकडे त्यांच्या दरबाराने पुरेसे पाहिले असे म्हणवत नाही.

परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी उभे राहिलेले मिशनचे जुने रुग्णालय आहे, आणि मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनरी येत राहिले. त्यामुळे आमच्या वर्गात एखाददुसरा ख्रिस्ती विद्यार्थी असतोच. त्यांतल्या एका मुलीला आम्ही विचारले, टिळकांचे काही ठाऊक आहे का? ती म्हणाली, नाही सर. मग आम्ही एका भजनाची सुरुवात सांगितली, तर पुढचे सारे कडवे तिने चालीवर म्हणून दाखविले. हे कोणी लिहिले ते तिला माहीत नव्हते. आजी म्हणते, एवढेच तिचे उत्तर होते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आम्हांला पुढे सापडले, तोवर तो पदवी घेऊन गेला होता. आता दर वर्षी नव्या वर्गाला आम्ही ते सांगतो. होय, टिळक मिशनच्या नोकरीत होते. तो उपदेश की ड्यूटी, हे बाहेरून ठरविता येत नाही. आपल्या शब्दांना कोणाचा पैसा चिकटला आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला, उशिरा विचारला, आणि उत्तर कळल्यावर पहिल्या तारखेची वाट पाहणे सोडले. एवढे सांगून झाले की वर्गातले कोणीतरी आमच्याकडे पाहते. आमचाही पगार पहिल्या तारखेला होतो, हे मुलांना माहीत असते.